कट्यारीची चिठ्ठी

मुलुंड, रात्री उशिरा.

आज पुन्हा ती कट्यार काढली. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून ‘पेशवाईतली’ म्हटलं आणि मी मानलं होतं. पुढे एगर्टनचं १८८० सालचं हिंदी शस्त्रांवरचं पुस्तक मिळालं. मुठीचे आडवे दांडे, पातं, एकेक चित्राशी ताडत बसलो. पात्यावरचं जौहर, म्हणजे पोलादातली लहरदार नक्षी, आम्लाने उठवलेलं, वरवरचं निघालं. पोटात तुटलं.

२०२४ मध्ये साताऱ्यात वाघनखं पाहिली. ती अफझलखानाच्या वधातलीच, याची खात्री देता येत नाही, असं ती उसनी देणाऱ्या खुद्द लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने सांगितलंय. एवढं मोकळेपणी सांगणाऱ्यावरच माझा विश्वास बसतो.

कट्यारीच्या चिठ्ठीवरचं ‘पेशवाईतली’ आज मी खोडलं.