लिहिते पेन



कन्हान नदीच्या काठी असलेल्या खापा या विणकरांच्या गावी माझे बालपण गेले. वडील तेथील एका सोसायटीचे हिशेब लिहीत. त्यांचे काळ्या एबोनाइटचे शाईचे पेन त्यांच्या पश्चात मी उघडून पाहिले, तेव्हा नळी आट्यांपाशी तडकलेली आढळली. दुरुस्ती शक्य नव्हती. म्हणून त्याच घडणीचे जुने पेन विकत घेण्याचे मी ठरवले.

पहिली खरेदी फसली. पेन चालू असल्याचे विक्रेत्याने सांगितले, माझ्यासमोर चार अक्षरेही काढून दाखवली. घरी आल्यावर कळले, की ती अक्षरे निब शाईत बुडवून काढलेली होती. आतली रबरी पिशवी केव्हाच कडक होऊन चुरली होती.

दुसरे पेन एका वृद्ध कारागिराकडे मिळाले. ते ड्रॉपरने शाई भरण्याचे होते. पिशवीचा प्रश्नच नव्हता. त्याने निबखालची खाचदार जीभ कोमट पाण्यात भिजवून वाळलेली शाई काढली होती, आट्यांना ग्रीस लावले होते. मग नळी पूर्ण भरून, रात्रभर तशीच ठेवून, सकाळी त्याने एक संपूर्ण पान लिहून दाखवले. एक सूचनाही दिली : शाई फार खाली जाऊ देऊ नका. रिकाम्या जागेतील हवा हाताच्या उबेने प्रसरण पावते आणि कागदावर थेंब पडतो. वैशाखातील विदर्भात या सूचनेचे मोल मला पुरेपूर कळले.

‘घ्या, हे लिहितं पेन आहे,’ असे तो म्हणाला. या शब्दापाशी भाषेचा विद्यार्थी म्हणून मी थबकलो. ‘वाहते पाणी’, ‘बोलता पोपट’ यांप्रमाणे ‘लिहिते’ हे येथे धातुसाधित विशेषण आहे. ‘लिहिण्याचे पेन’ म्हटले की वस्तूचा उपयोग कळतो. ‘लिहिते पेन’ म्हटले की तिची चालू अवस्था कळते. माझे पहिले पेन लिहिण्याचे होते, लिहिते नव्हते. या साधनाला मराठीने ‘झरणी’ असे नावही देऊन पाहिले. रुळले मात्र पेनच. ‘शाई’ फारसीतून आली, ‘दौत’ अरबीतून. गिरगावच्या दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये शाईची पूड आणि गोळ्या करण्याचा उद्योग आरंभला, तोच पुढे कॅम्लिन म्हणून ओळखला गेला. पाण्यात गोळी विरघळवून शाई करणारे वडील मला आजही आठवतात.

घरी येऊन लिहू लागलो, तर शिरोरेषा ओढताना निब खरखरू लागली. तिचे टोक दुसऱ्या कुणाच्या हाताच्या कलाने झिजलेले होते. ते घासून घेता आले असते. पण एका अनोळखी माणसाची अनेक वर्षे त्यात उतरली होती, ती पुसावीशी वाटली नाही. मी रोज एक पान लिहीत राहिलो. दोन महिन्यांनी खरखर थांबली. एवढ्या अवधीत निबेचे कठीण टोक झिजत नाही. बदलला होता माझा हात. गेली कित्येक वर्षे मी स्वाक्षरीपलीकडे हाताने काही लिहिलेच नव्हते. पेन पहिल्या दिवसापासून लिहिते होते, लिहिता नव्हतो तो मी.

तुमच्यापैकी अनेकांनी नोकरी, शेती, संसार सांभाळत पुष्कळ वर्षांनी वही उघडली असेल. तीन तासांच्या उत्तरपत्रिकेत बोटे आखडतात, अक्षर बिघडते, आणि आता हे आपल्याने होणार नाही असे वाटू लागते. तसे वाटले, तर परीक्षेची वाट न पाहता आजपासून रोज एक पान हाताने लिहा. पेन कोणतेही चालेल. माझ्या वडिलांच्या हिशेबाच्या वहीत शेवटची काही पाने कोरी राहिली होती. मी त्यांवरच लिहीत होतो. त्यांच्या ठसठशीत आकड्यांनंतर माझी पहिली ओळ वाकडीच आली आहे. ती मी खोडलेली नाही.