वुर्झबर्गहून बाबांना

वुर्झबर्ग, रविवार

ती. बाबांस,


फोनवर माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. माइन नदीकाठचं हे शहर आपल्या इचलकरंजीपेक्षा लहान, टेकड्यांवर द्राक्षमळे. इथल्याच कामातून १८५१ साली आल्फोन्सो कोर्टी या इटालियन तरुणाने कानाच्या शंखाच्या आतलं श्रवणेंद्रिय पहिल्यांदा बारकाईने मांडलं. हाताशी त्या काळचा सूक्ष्मदर्शक आणि कार्मीनचा लाल रंग. त्या इंद्रियाला आजही त्याचंच नाव आहे.

प्रयोगशाळेत आमचं काम उंदराच्या कानातल्या शंखावर चालतं. तो जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा. भोवतीच्या हाडातला चुना द्रावणात काढायचा, ऑस्मियमने ऊती पक्क्या करायच्या, मग अल्कोहोलने पाणी हटवायचं. उघड्यावर वाळवलं तर पेशींवरचे केस एकमेकांना चिकटतात. म्हणून दाबाखालच्या द्रव कार्बन डायऑक्साइडमधून सुकवतात आणि वर सोन्याचा अगदी पातळ थर देतात.

गुरुवार

बाबा, आज ते इंद्रिय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पाहिलं. आतल्या केशपेशींची एक ओळ, बाहेरच्यांच्या तीन. बाहेरच्या प्रत्येक पेशीवर पायरी-पायरीने उंच होत गेलेले केस. आणखी जवळ गेलं की ठेंगण्या केसाच्या टोकापासून शेजारच्या उंच केसापर्यंत ताणलेला एक धागा दिसतो. पिकल्स आणि सहकाऱ्यांनी तो १९८४ मध्ये दाखवला. आवाजाने केस कलतात, धागा ओढला जातो, पेशीचं दार उघडतं. ऐकण्याची सुरुवात इथे होते.

मग मोठ्या आवाजात ठेवलेल्या उंदराचा नमुना लावला. मला तुमच्या मागाची फणीच आठवली. दात मोडलेली फणी कापडात कशी रेघ सोडते, ते तुम्ही लांबून ओळखायचात. इथेही ओळीत जागोजाग खाडे, आणि तिथे शेजारच्या पेशींनी नुसती जागा भरून काढलेली. माणसाच्या एका कानात बाहेरच्या सुमारे १२ हजार आणि आतल्या साडेतीन हजार पेशी असतात. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, आपल्या नाही. मागाच्या खडखडाटाने आधी उंच स्वर जातात. म्हणून आपल्या चिमीचं उंच स्वरातलं बोलणं तुमच्यापर्यंत पोचत नाही. ती पुटपुटते असं आपण म्हणायचो. तिची चूक नव्हती, तुमचीही नाही.

दादा अजून उघड्या कानांनी मागाच्या शेडमध्ये उभा राहतो. कापसाचा बोळा पुरत नाही. फोमचे प्लग पाठवते आहे. पाळीचे आठही तास घालायला लावा. तो तुमचं ऐकेल.

तुमची,
मंगल