आधी काय, मग काय?

शाळकरी मुलांसाठी लिहिलेले इतिहासाचे पुस्तक एखादा प्रौढ माणूस वाचताना दिसला, की पाहणाऱ्याच्या ओठांवर हलकेसे हसू उमटते. नातवंडाचा अभ्यास घेत असतील, असा समज करून घेऊन तो पुढे जातो. गेल्या काही वर्षांच्या अनुभवाने मला मात्र असे वाटू लागले आहे, की ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली त्यांच्यासाठी, आणि पदवी मिळूनही ज्यांचा इतिहास परीक्षेच्या दिवशीच संपला त्यांच्यासाठीही, गतकाळात शिरण्याचा तोच खरा दरवाजा आहे. तो बुटका आहे, हे मान्य. बेथलेहेमच्या जन्ममंदिराचा दरवाजाही बुटकाच आहे. राजालाही तेथून वाकूनच आत जावे लागते.

इतिहास आपल्या मनात नसतो असे नाही. पण तो जत्रेतल्या गर्दीसारखा असतो. ओळखीचे चेहरे पुष्कळ; पण कोण कोणाचा आजा आणि कोण कोणाचा नातू, हे सांगता येत नाही. ज्ञानेश्वर, संत फ्रान्सिस झेवियर, अकबर आणि शिवाजी महाराज ही चार नावे ठाऊक नसलेला माणूस आपल्या भागात सापडणार नाही. त्यांचा अनुक्रम विचारला, की चांगले शिकलेले लोकही क्षणभर थबकतात. ज्ञानेश्वरी १२९० ची, झेवियर गोव्यात उतरले १५४२ साली, अकबर गादीवर आला १५५६ मध्ये आणि महाराजांचा जन्म १६३० चा. एवढी चार वर्षे एका ओळीत मांडली, तरी मनातली गर्दी हळूहळू रांगेत उभी राहू लागते.

या क्रमाचे महत्त्व मला प्रथम कळले ते सेमिनरीत, पवित्र शास्त्र शिकताना. बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथालय आहे, आणि त्यातील पुस्तके काळाच्या क्रमाने लावलेली नाहीत. आमोस हा संदेष्टा इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला, पण त्याचे पुस्तक येते दानिएलच्याही नंतर. संत पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र साधारण इसवी सन ५० च्या सुमाराचे, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचे; तरी आपण ते त्यांच्या नंतर वाचतो. हा क्रम लावून वाचू लागताच तेच शब्द वेगळ्या प्रकाशात दिसू लागतात. संत लूक तर आपल्या शुभवर्तमानाच्या प्रारंभीच सर्व गोष्टी अनुक्रमाने लिहिण्याचा मनोदय सांगतो आणि पुढे योहानाच्या कार्याचा आरंभ तिबेरियस कैसराच्या पंधराव्या वर्षाशी जोडून देतो. आपण मिस्सेत म्हणतो त्या श्रद्धाप्रकटनात पंतय पिलाताचे नाव आहे. ते त्याच्या सन्मानार्थ नव्हे, तर काळाची खूण म्हणून आहे. आपली श्रद्धा 'कोणे एके काळी' घडलेल्या गोष्टीवर उभी नाही, हे त्या एका नावाने सिद्ध होते.

मुलांसाठी इतिहास लिहिणे हे दुय्यम दर्जाच्या लेखकाचे काम, असाही एक गैरसमज आहे. एर्न्स्ट गोम्ब्रिख या व्हिएन्नाच्या तरुण विद्वानाने पंचविशी ओलांडल्यावर, नोकरी नसताना, मुलांसाठी जगाचा इतिहास अवघ्या सहा आठवड्यांत लिहिला. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकावर पुढे नाझी राजवटीने बंदी घातली. मुलांना शांततेचे वळण लावणारा इतिहास तिला मानवला नाही. गोम्ब्रिख पुढे कलेच्या इतिहासाचे जगन्मान्य पंडित झाले, तरी २००१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते याच छोट्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीवर काम करीत होते. पंडित नेहरूंनी ऑक्टोबर १९३० ते ऑगस्ट १९३३ या काळात तुरुंगातून आपल्या लेकीला लिहिलेल्या पत्रांतूनच त्यांचा जगाच्या इतिहासावरचा मोठा ग्रंथ तयार झाला. हाताशी ग्रंथालय नव्हते, होती ती टिपणे आणि स्मृती. आपल्याकडे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या प्रचंड लेखनाचा उगमही बडोद्याच्या राजपुत्रांना शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांत आहे. मुलाला समजेल असे सांगायचे, तर आधी स्वतःला नीट समजावे लागते. आधी काय घडले आणि मग काय, हे ठरवल्यावाचून मुलाला गोष्ट सांगताच येत नाही. मोठ्यांच्या ग्रंथात लेखकाला मध्येच मागे-पुढे उड्या मारण्याची मुभा असते. मुलांच्या पुस्तकात ती सोय नाही.

आमच्या धर्मग्रामात आम्ही सात-आठ जणांनी मिळून असे वाचन सुरू केले. रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर तासभर बसायचे, एक धडा मोठ्याने वाचायचा आणि त्यावर बोलायचे. सेवानिवृत्त एस. टी. कंडक्टर, दोन गृहिणी, पहाटेच्या गाडीने दादरला भाजी घेऊन जाणाऱ्या एक मावशी, महाविद्यालयात शिकणारा एक तरुण, अशी ही मंडळी. पुस्तके विकत घ्यावी लागली नाहीत. घरोघरी रद्दीत निघालेली पाचवी ते आठवीची पाठ्यपुस्तके आम्ही जमवली: आदिमानवापासून प्राचीन भारत, मग मध्ययुग, मग आधुनिक काळ. सातवीच्या पुस्तकात शिवकाळ आला, तेव्हा चौथीचे 'शिवछत्रपती' मध्ये आणून ठेवले. ते हाती घेताच मावशींचा चेहरा उजळला. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली होती. त्या म्हणाल्या, "फादर, माझा इतिहास महाराजांपाशीच थांबला होता. त्यांच्या मागे कोण नि पुढे कोण, हे आज पन्नास वर्षांनी कळतंय."

धडे पुढे जाऊ लागले तशी एक अडचण जाणवली. शतके नुसती ऐकून लांबीची कल्पना येत नाही. मग जुन्या दिनदर्शिकांची पाने कोऱ्या बाजूने जोडून आम्ही एक लांब पट्टी केली आणि सभागृहाच्या भिंतीवर लावली. प्रमाण सोपे ठेवले: शंभर वर्षांना एक वीत. हडप्पा-मोहेंजोदडोची नगरे भरभराटीला आली त्या इसवी सनापूर्वी २६०० पासून इसवी सन २००० पर्यंत शेहेचाळीस विती झाल्या. प्रभू येशूच्या जन्माची खूण केली, तेव्हा तिच्या डावीकडे सव्वीस विती आणि उजवीकडे वीस. 'फार जुना' म्हणून आपण जो काळ एका गाठोड्यात बांधतो, त्यात किती अंतर दडलेले आहे पाहा. सम्राट अशोक आणि शिवाजी महाराज यांच्यामध्ये एकोणीस विती, आणि महाराज व आपण यांच्यामध्ये चारही पुऱ्या नाहीत. पाचवीच्या पुस्तकातला अश्मयुगाचा माणूस दाखवायचा, तर लाख वर्षांना हजार विती लागतील. म्हणजे पट्टी सभागृह सोडून, आवार ओलांडून, पार बाजाराच्या रस्त्याला लागेल.

इसवी सनापूर्वीची वर्षे उलटी का मोजायची, हे कंडक्टरसाहेबांना पटेना. गाडी पुढे चालली असताना मैलाचे आकडे कमी कसे होतात, हा त्यांचा रास्त प्रश्न. त्यावरून ५२५ साली दियोनिसियस एक्झिगुअस या मठवाशाने ईस्टरची कोष्टके तयार करताना प्रभूच्या जन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत कशी काढली, हे सांगावे लागले. त्याच्या गणनेत शून्य वर्ष नाही. आणि राजा हेरोद इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला असे बहुतेक अभ्यासक मानतात, तेव्हा प्रभूचा जन्म त्याच्याही थोडा आधीचा. ख्रिस्त ख्रिस्तपूर्व काळात जन्मला, हे ऐकून सगळे मनमुराद हसले. शालिवाहन शकात अठ्ठ्याहत्तर मिळवावे, हा हिशेब मात्र मावशींना आधीपासूनच पाठ होता.

पट्टीचा खरा लाभ दिसला तो शेजार कळल्यावर. वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली माणसे एकाच वितीत शेजारी येऊन उभी राहिली. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, तेव्हा पैठणला संत एकनाथ हयात होते. नाथांनी देह ठेवला तो १५९९ मध्ये. म्हणजे पुढे १६१६ मध्ये मराठीत 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध करणारा इंग्रज जेझुइट आणि मराठीत 'भावार्थ रामायण' रचणारा भागवतकार वीस वर्षे एकाच भाषेच्या छताखाली नांदत होते. त्यांची भेट झाली असे कोणी म्हणत नाही. पण त्यांचा काळ एक होता. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले ते ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, म्हणजे त्याच वितीत. तेव्हा दिल्लीच्या तख्तावर अकबर होता आणि महाराजांच्या जन्माला अजून तेहेतीस वर्षे अवकाश होता.

एका रविवारी त्या तरुणाने मनातले सांगितले. महाविद्यालयात त्याला कोणीतरी म्हणाले होते, की तुम्ही लोक पोर्तुगीजांचे. घरी येऊन वडीलधाऱ्यांना विचारावे, तर तेथे उलट टोक: आपण थेट संत थोमासच्या काळापासूनचे ख्रिस्ती, पोर्तुगीजांशी आपला काय संबंध! "फादर, यांतले खरे काय?" त्याच्या आवाजात जिज्ञासेपेक्षा दुखापत अधिक होती. मी त्याला उत्तर दिले नाही. खडू दिला आणि वसईची वर्षे पट्टीवर मांडायला सांगितली. सोपाऱ्याला अशोकाचे शिलालेख, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. कल्लियाना, म्हणजे बहुधा आपले कल्याण, येथे ख्रिस्ती बिशप असल्याची कॉस्मस या प्रवाशाची नोंद, सहाव्या शतकातली. १३२१ मध्ये ठाण्याला चार फ्रान्सिस्कन हुतात्मे झाले. त्या वेळी तेथे थोडी ख्रिस्ती घरे होती. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यानंतर येथील बहुसंख्य कुटुंबे ख्रिस्ती झाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली.

पट्टीकडे पाहत त्याने विती मोजल्या. पोर्तुगीजांची वसईतली वर्षे दोनशे पाच, म्हणजे दोन विती. ते गेल्यापासूनची वर्षे पावणेतीनशेहून अधिक, म्हणजे जवळजवळ तीन विती. जे आले ते दोन विती राहून निघून गेले. जे मूळचे येथले होते ते आधीही होते, मधेही होते आणि नंतरही आपली भाषा, वाडी आणि श्रद्धा घेऊन येथेच राहिले. टोमणाही खोटा ठरला आणि घरातली बढाईही. श्रद्धेचा काळ एक आणि मातीचा काळ त्याहून कितीतरी जुना, दोन्ही आपलेच. हे मी प्रवचनात सांगितले असते, तर त्याने ऐकून सोडून दिले असते. ते त्याने स्वतःच्या हाताने मोजले.

त्याच दिवशी त्याने १५६० वर आणखी एक खूण केली: गोव्यातील इन्क्विझिशनची स्थापना. १८१२ मध्ये ते कायमचे बंद झाले, तीही खूण केली. कंडक्टरसाहेब अस्वस्थ झाले. "फादर, हे आपणच आपल्या भिंतीवर कशाला लिहायचे?" प्रश्न प्रेमापोटी आलेला होता, म्हणून त्याला उत्तर देणे अवघड होते. पट्टीवर गैरसोयीची वर्षे गाळण्याची सोय ठेवली, तर उरलेल्या वर्षांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही, एवढेच मी म्हणालो. आणि मग त्यांनाच आणखी एक तारीख लिहायला सांगितली: १२ मार्च २०००. त्या दिवशी संत पेत्राच्या महामंदिरात पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या हातून शतकानुशतके घडलेल्या अपराधांबद्दल, सत्याच्या नावाखाली झालेल्या जुलमाबद्दलही, देवाकडे क्षमायाचना केली. थरथरत्या हाताने त्यांनी ती लिहिली. १५६० ची खूण पुसली असती, तर २००० च्या खुणेला काही अर्थच उरला नसता.

मुलांच्या पुस्तकांना मर्यादा आहेत, त्याही ओळखून असाव्यात. ती पुष्कळ गाळतात. ठाण्याचे हुतात्मे आमच्या पाठ्यपुस्तकांत नव्हते, ते बाहेरून आणावे लागले. शिवाय मुलांसाठी लिहिताना लेखक आपला राग-लोभ अधिक मोकळेपणाने ओतून जातो. चार्ल्स डिकन्सने १८५१ ते १८५३ या काळात मुलांसाठी लिहिलेला इंग्लंडचा इतिहास वाचावा. कॅथलिकांविषयीची त्याची अढी पानोपानी दिसते. म्हणून एकाच काळावरची दोन पुस्तके, शक्यतो दोन वेगळ्या हातांची, शेजारी ठेवून वाचावीत. जेथे ती एकमेकांशी भांडतात, तेथे खूण करून ठेवावी. मोठ्या ग्रंथाकडे वळण्याची जागा तीच. कणा तयार झाल्यावर त्याला मांस चढवणे सोपे जाते. कण्यावाचून मांसाचा नुसता गोळा होतो. आमच्या गटातल्या तरुणाने आता रियासतीचे खंड वाचायला घेतले आहेत आणि अडले की तो पट्टीपाशी येऊन उभा राहतो.

शाळांच्या परीक्षा संपल्या, की घराघरांत वह्या-पुस्तकांचे गठ्ठे बांधले जातात आणि रद्दीवाला दारात तराजू लावतो. त्या गठ्ठ्यातून इतिहासाची पुस्तके तेवढी बाजूला काढा. इयत्तेप्रमाणे नव्हे, काळाप्रमाणे लावा. संध्याकाळी रोझरी झाल्यावर एक धडा मोठ्याने वाचा. आजीला ऐकू द्या आणि नातवाला तिच्या चुका काढू द्या. भिंत मोकळी असेल, तर शतकाला एक वीत मोजा. आणि उजव्या टोकाला थोडा कागद कोरा ठेवा. तेथे आपल्यानंतरच्या कोणाला तरी आपली वर्षे लिहायची आहेत.