एकच अग्नी

दक्षिण कोरियाची राजधानी सोल. शहराच्या मध्यभागी नामसान टेकडी आणि तिच्या माथ्यावर 236.7 मीटर उंचीचा मनोरा. आम्ही तिघी मैत्रिणी केबल कारने वर गेलो. निरीक्षण कक्षातून हान नदी आणि डोंगरांनी वेढलेले विस्तीर्ण शहर डोळे भरून पाहिले.

मनात राहिली ती मात्र मनोऱ्याजवळची, पुन्हा उभारलेली पाच दगडी धुराडी. जोसन राजवटीत सीमेवरची वार्ता डोंगरामागून डोंगरावर पेटणाऱ्या अग्नीने राजधानीत पोहोचे. शत्रूशी लढाई जुंपली की पाच अग्नी, सर्वत्र शांतता असली की एकच. म्हणजे संकट नसतानाही तो एक अग्नी पेटवावाच लागे.

हे कळताच एक मैत्रीण स्तब्ध झाली. तिचा मुलगा परदेशी असतो. रोज रात्री त्याचा “ठीक आहे” एवढाच निरोप येतो आणि त्या त्रोटकपणाची तिला खंत वाटे. “अगं, हा तर त्याचा एक अग्नीच की!” ती हलकेच म्हणाली.

अंधारात मनोरा निळा उजळला. हवा स्वच्छ असल्याची ती खूण. संकटाची बातमी कशीही पोहोचते, कुशलाची मात्र कुणीतरी आठवणीने धाडावी लागते.