गुलबकावलीचे फूल

कल्पित वस्तूंपैकी काही अशा असतात की, त्या कोठेही नाहीत हे ठाऊक असूनही मनुष्य त्यांचा ध्यास सोडीत नाही. अमृत, परीस, कल्पवृक्ष ही याच जातीची. बाळपणी आम्ही या मालिकेत आणखी एकीची भर घातली होती. ती म्हणजे गुलबकावलीचे फूल.

ही कथा इज्जतुल्ला बंगाली याने १७२२ मध्ये फारसीत लिहिली. १८०३ मध्ये निहालचंद लाहोरी याने कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजासाठी ती उर्दू गद्यात उतरविली, आणि पुढे दयाशंकर नसीम याने तिच्यावर ‘गुलजार-ए-नसीम’ हे काव्य रचले. फिरत फिरत ती मराठीतही आली. आमच्या घरी तिची एक मुखपृष्ठ गळालेली प्रत होती. तिन्हीसांजा टळल्यावर आई चुलीपुढे भाकऱ्या थापीत असे व आम्ही उंबऱ्यावर बसून ती मोठ्याने वाचीत असू. धाकटे बंधू तेव्हा फारच लहान; ते पुढ्यातली भाकरी विसरून ऐकत असत.

पूर्वेकडील एका बादशहाविषयी असे भाकीत असते की, धाकट्या पुत्राचे मुख दृष्टीस पडताच त्यास अंधत्व येईल. आणि तसेच घडते. परीराजकन्या बकावली हिच्या बागेतील फुलावाचून त्यावर उपाय नाही. थोरले चार पुत्र मोठ्या थाटाने निघतात आणि वाटेतच एका गणिकेच्या घरी जुगारात सर्वस्व हरतात. दूर सारलेला धाकटा ताजुलमुलूक मात्र राक्षसांचा स्नेह संपादन करतो, उंदरांनी पोखरलेल्या भुयारातून बागेत शिरतो आणि फूल खुडून आणतो. परतीच्या वाटेवर थोरले ते त्याच्यापासून हिसकावून घेतात. बादशहा डोळे उघडतो, तो समोर ते चौघे उभे! येथे आईचा हात थांबे. ती म्हणे, “फूल आणलं कुणी, आणि शाबासकी कुणाला!”

त्याच आईच्या दोन्ही डोळ्यांत काही वर्षांपूर्वी मोतीबिंदू वाढला. अमरकंटकाकडे सोनटक्क्यासच गुलबकावली म्हणतात व त्याचा अर्क डोळ्यांसाठी विकतात. एका आप्ताने तो आणूनही दिला. परंतु गढूळ झालेले भिंग अर्काने निवळत नाही. ते काढून कृत्रिम भिंग बसवावे लागते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या पारदर्शक प्लास्टिकचे कण रुतूनही डोळ्यांनी ते सोसले, हे हॅरॉल्ड रिड्ली यांनी हेरले आणि १९४९ मध्ये लंडन येथे तशाच पदार्थाचे भिंग प्रथम एका रुग्णाच्या डोळ्यात बसविले. या काळातले गुलबकावलीचे फूल ते हेच. ही सारी माहिती आम्ही शहरातून दूरध्वनीवरून आईस ऐकवीत होतो. ती मात्र शस्त्रक्रियेच्या नावानेच घाबरे.

गावी तिच्याजवळ राहिले ते बंधू. दोन वर्षे त्यांनी तिला हात धरून परसात नेले, ताटातला प्रत्येक पदार्थ कोठे आहे ते सांगितले, पोथी वाचून दाखविली, आणि रोज थोडी थोडी तिची भीती उतरविली. आम्ही पैसे पाठविले व नेमक्या दिवशी इस्पितळात हजर झालो. पट्टी सुटली तेव्हा बंधू खाली औषधांच्या रांगेत होते. समोर आम्ही उभे. आईने आमच्या गालांवरून हात फिरविला व म्हणाली, “डोळे दिलेस रे मला!” आप्तांनी माना डोलाविल्या. आम्ही काय केले? काहीही केले नाही, गप्प राहिलो. इतक्यात बंधू औषधांची पिशवी घेऊन वर आले व आईचा आनंद पाहून तेही हसले. दुसऱ्या दिवशी आम्ही शहरात परतलो. डोळ्यांत थेंब घालण्याचे पुढले काम पुन्हा त्यांचेच.

त्या गप्प राहण्याची बोचणी गेली नाही. पुढल्या दिवाळीत आम्ही आईपाशी सारे बोलून टाकले. ती तांदूळ निवडीत होती. खडे आता तिला स्वच्छ दिसत होते. मान वर न करताच ती म्हणाली, “दोन वर्षं ज्याचा हात धरून चालले, तो कोण ते मला ठाऊक नाही होय? पण तू एवढ्या लांबून आलेला. तुझं मन मोडायचं होतं का मी?”

कथेत पुढे बादशहास सत्य कळते व चौघांची फजिती होते. आमची कोणी फजिती केली नाही, आणि तेच अधिक जड गेले. बंधूंशी मात्र आम्ही अजून यासंबंधी बोललो नाही. हा अंक त्यांच्या घरी जातो. आईस ते तो मोठ्याने वाचून दाखवितात.