परळ ते मालवण, व्हाया बादली!

परळच्या कुठल्याही ऑफिसात 'वीकएण्डला मालवणला जातोय' असं म्हणून बघा. दोन-तीन माना तरी हमखास वर होतात. 'येताना आमसुलं आण रे!' गिरण्यांत कामाला आलेल्या कोकणी चाकरमान्यांचं हे परळ. गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर आले, पण गावची ओढ तीच. मी दादरहून तुतारी एक्स्प्रेस पकडते ती हल्ली माशांपेक्षा माशांच्या फोटोंसाठी!

आधी बादली
तयारी परळमध्येच करा. कॅमेऱ्याच्या वॉटरप्रूफ हाउसिंगचा जीव एका रबरी रिंगमध्ये असतो. तिथे एक केस अडकला तरी पाणी आत! रिंग पुसा, रिकाम्या हाउसिंगमध्ये टिश्यू पेपर ठेवा आणि अर्धा तास बादलीत बुडवा. टिश्यू कोरडा राहिला तर पहिली परीक्षा पास. पहिली अशासाठी, की खोल पाण्याचा दाब बादलीत नसतो. काचेवर वाफ धरू नये म्हणून बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी आत टाका.

लाल रंग गेला कुठे?
पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. पाचेक मीटरवर लाल मासा मळकट राखाडी दिसतो. म्हणून अंडरवॉटर मोड लावा किंवा पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स सेट करा, आणि खोली बदलली की पुन्हा करा. मालवणच्या पाण्यात बारीक कण बरेच. कॅमेऱ्यातला फ्लॅश मारलात तर फोटोत बर्फ पडल्यासारखा दिसतो. तो बंदच ठेवा. सकाळी दहा ते दोनचं ऊन पाठीवर घ्या, झूम विसरा आणि फूट-दीड फुटावर जा. पाण्यात वस्तू पाव हिस्सा जवळ भासते, त्यामुळे वाटतं त्याहून जवळ!

जवळ, पण किती?
खरी गोम इथेच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं सुमारे 29 चौरस किलोमीटर क्षेत्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. इथले प्रवाळ म्हणजे दगड नव्हेत, जिवंत प्राणी. काही जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. फिनची एक लाथ, आणि कित्येक वर्षांची वाढ खल्लास. तोल सांभाळता येत नसेल तर फोटो सोडा, पाय टेकवू नका. आणि हात स्थिर राहावा म्हणून स्कूबात श्वास रोखू नका. वर येताना हवा प्रसरण पावते, फुप्फुसं फाटू शकतात. पहिल्या डाइव्हला मी कॅमेरा सरळ गाइडकडे दिला होता. तुम्हीही द्या.

पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, तेव्हा थंडीचा मुहूर्त धरा. बाहेर आल्यावर हाउसिंग गोड्या पाण्यात भिजवा, मगच उघडा.

मालवणचे असूनही समुद्राखाली कधीच न डोकावलेले कितीतरी जण तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसलेत. सोमवारी पहिले फोटो त्यांना दाखवा. आमसुलांसोबत!