दोरीची दोन टोकं

ल्यूर अगदी नीट पोहायला लागलं की ते निकामी झालं असं समजावं. ज्याच्या चालीत जराही खोट उरली नाही, असा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा मासा दिवसभर पाण्यातून ओढत फिरवला तरी बास त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. बुडालेल्या झाडाच्या आडोशाला हा मोठ्या तोंडाचा मासा दबा धरून बसलेला असतो. लांबलचक पाठलाग त्याला परवडत नाही. त्याला हवा असतो मागे पडलेला, कुठेतरी दुखावलेला, सरळ जाता जाता मध्येच एका अंगावर कलणारा जीव. ल्यूर निवडणं म्हणजे हा कल निवडणं. त्याच दोरीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या तळहातात, रीळ असतं आणि तिथे केसाएवढी खोट चालत नाही. एका टोकाला मुद्दाम बेतलेली खोड, दुसऱ्या टोकाला निखळ अचूकपणा, आणि दोन्हींची निगा एकाच माणसाकडे. या छंदात मला सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

फिनलंडमध्ये पायान्ने नावाचं मोठं सरोवर आहे. लाउरी रापाला तिथे पोटासाठी मासेमारी करायचा. होडी वल्हवता वल्हवता त्याच्या लक्षात आलं, की शिकारी मासा लहान माशांच्या थव्यात घुसतो तेव्हा त्याचा डोळा नेमका एकावर असतो, ज्याची चाल बाकीच्यांहून वेगळी आहे त्याच्यावर. 1936 साली त्याने बुचातून एक मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी लपेटली, फोटोच्या जुन्या फिल्म वितळवून वरून लेप दिला. पुढे बुचाच्या जागी बाल्साचं हलकं लाकूड आलं. ऑगस्ट 1962 मध्ये ‘लाइफ’च्या ज्या अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच गेलेली मेरिलिन मन्रो होती, त्याच अंकात या ल्यूरवर लेख छापून आला आणि अमेरिकेतून मागण्यांची रीघ लागली. मला त्या रिघेपेक्षा होडीतलं ते पाहणं मोठं वाटतं. हजारदा डोळ्यांपुढून गेलेल्या दृश्यातला एक लहानसा कल त्याने ओळखला आणि तो बुचात उतरवला.

डॅलसच्या पूर्वेला, गाडीने दीड-दोन तासांवर, लेक फोर्क आहे. 1980 मध्ये धरण पुरं झालं तेव्हा खोऱ्यातली पुष्कळ झाडं न तोडता तशीच पाण्याखाली जाऊ दिली. आज तिथे करडे, वठलेले बुंधे पाण्यातून वर आलेले दिसतात आणि जे दिसत नाहीत ते त्यांच्या कितीतरी पट आहेत. बासला याहून चांगलं घर नाही. माझ्या पेटीतली निवड या बुंध्यांनीच केलेली आहे. तोंडापुढे पारदर्शक पट्टी असलेल्या ल्यूरला क्रँकबेट म्हणतात. ती पट्टी, म्हणजे लिप, लांब आणि जवळजवळ आडवी असेल तर ल्यूर खोल जातं. आखूड आणि उभट असेल तर वरच्या वर राहतं. लिप चौकोनी असली तर ल्यूर बुंध्यावर आपटून बाजूला उसळी घेतं, गळ लाकडात रुतत नाहीत. आणि बास बहुतेक वेळा त्या उसळीच्या क्षणीच घेतो. इतका वेळ सरळ चाललेला मासा धडकला, गडबडला, त्याची दिशा चुकली. ल्यूर लाकडाला लागू नये म्हणून जपून ओढणाऱ्याला फोर्कवर फारसं काही मिळत नाही. ते लाकडावर न्यावंच लागतं.

टेनेसीतल्या ओक रिजच्या फ्रेड यंगने असं चौकोनी लिपचं गुबगुबीत ल्यूर बाल्सातून हाताने कोरलं आणि आपल्या थोराड भावाच्या, ओडिसच्या, नावावरून त्याला ‘बिग ओ’ म्हटलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही ल्यूरं इतकी दुर्मीळ होती, की स्पर्धेला निघालेले लोक ती दिवसाच्या भाड्याने घेत. पुढे त्याची प्लॅस्टिकची आवृत्ती निघाली आणि ती सगळ्यांच्या पेटीत पोचली. कोरलेली दोन बाल्साची ल्यूरं कधीच तंतोतंत सारखी पोहत नाहीत, आणि जुने मासेमार ज्या एका ल्यूरवर जीव टाकतात ते बहुधा त्या फरकामुळे.

पण खोट हवी ती आपण दिलेली हवी, आपोआप शिरलेली नको. पेटीतून काढलेलं ल्यूर आधी होडीच्या कडेला, स्वच्छ पाण्यात, दोन हात ओढून बघतो. डावीउजवीकडे सारखंच डुलत ते मध्यरेषेवर राहिलं पाहिजे. एकाच बाजूला पळत वर येत असेल तर नाकावरची तारेची कडी बारीक पक्कडीने उलट बाजूला वाकवायची, तीही इतकी थोडी की वाकवली असं डोळ्यांना कळूही नये. पुन्हा पाण्यात, पुन्हा पक्कड. झाडात अडकून हिसका बसला, दात लागले, की ही कडी परत हलते. म्हणून प्रत्येक चांगल्या माशानंतर ही तपासणी मी करतोच. बाल्साचा रंग कुठे उडाला असेल तर तिथून पाणी आत शिरतं, लाकूड फुगतं आणि तोल जातो. तेवढ्या जागी बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात पुरतात. दातांचे ओरखडे मात्र मी बुजवत नाही. त्यांनी चाल बिघडत नाही.

हिवाळ्यात हे सगळं फार नाजूक होतं. थंडीने सुस्तावलेल्या बाससाठी जर्कबेट नावाचं सडपातळ ल्यूर असतं. दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. थांबल्यावर ते वर तरंगू नये, खाली बुडू नये, जिथल्या तिथे टांगल्यासारखं राहावं. थंड पाणी जड असतं, त्यामुळे उन्हाळ्यात बरोबर टांगून राहणारं ल्यूर जानेवारीत हळूहळू वर यायला लागतं. मग पोटाला शिशाची बारीक टिकली चिकटवायची. गंजले म्हणून तिन्ही त्रिशूळ गळ बदलले आणि नवे गळ जरा जाड तारेचे निघाले, तर तेच ल्यूर आता बुडतं. गळाच्या पाकिटावरचा आकडा बघून भागत नाही. जुने आणि नवे गळ घरच्या लहान काट्यावर तोलून पाहावे लागतात.

रंगाबद्दल दुकानात जेवढं बोललं जातं तेवढं मी मनावर घेत नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या एका अभ्यासात दिसलं, की बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, हिरव्याला आणि लालला प्रतिसाद देणाऱ्या. निळा आणि काळा यांत त्याची गल्लत होते, तसंच पोपटी-पिवळा आणि पांढरा यांतही. शिवाय पाण्यात लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषला जातो, म्हणजे खोलवर गेलेलं लाल ल्यूर नुसतं गडद दिसतं. तेव्हा गढूळ पाण्यात गडद, नितळ पाण्यात फिकं, एवढं पाळतो आणि उरलेलं लक्ष कंपनांकडे देतो. माशाच्या कुशीवरून जाणारी संवेदनरेषा पाण्यातली हालचाल टिपते. पावसाने फोर्क चहाच्या रंगाचा झाला की स्पिनरबेटला, म्हणजे फिरत्या पात्याच्या ल्यूरला, गोल पातं लावतो. ते संथ फिरतं आणि पाणी जोरात ढकलतं, इतकं की काठीच्या मुठीत त्याचे ठोके जाणवतात. पाणी निवळलं की विलोच्या पानासारखं लांबट पातं, जे कमी थरथरतं आणि जास्त चमकतं.

आणि रबरासारखी मऊ अळी. निक क्रीमने 1949 च्या सुमाराला ओहायोतल्या अॅक्रनमध्ये घरच्या स्वयंपाकघरात ती ओतून बनवली. त्याची कंपनी पुढे टायलरला आली, फोर्कहून तासाभरावर. या अळीच्या पोटात गळाचं टोक परत खुपसून लपवायचं आणि पुढे गोळीच्या आकाराचं वजन सोडायचं, ही टेक्सासची रीत. असा गळ झाडीतून न अडकता सरकतो. या अळ्या मऊ राहाव्यात म्हणून त्यांच्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते कडक प्लॅस्टिक आणि रंग खातं. एका खणात दोन्ही ठेवलं तर उन्हात तापलेल्या गाडीत सगळ्याचा लगदा होतो. अळ्या त्यांच्याच पिशवीत राहू द्याव्या. ओलं ल्यूरही पेटीत टाकू नये. एका भिजलेल्या गळाचा गंज शेजारच्या दहा गळांना लागतो. संध्याकाळी सगळी ल्यूरं टॉवेलवर पसरायची, आणि प्रत्येक टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून बघायचं. नखात रुतलं तर ठीक. घसरलं तर कानस, नाहीतर कचऱ्याचा डबा.

आता दुसरं टोक.

बाससाठीचं रीळ घड्याळजींनी घडवलं, ही गोष्ट मला फार आवडते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीतल्या पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने रिळात दातेरी चाकं बसवली. मूठ एकदा फिरली की दोरीचं चक्र अनेकदा फिरावं, म्हणून. त्याच राज्यात फ्रँकफोर्टच्या मीक बंधूंनी, तेही घड्याळजीच, ते काम दागिन्याच्या सफाईला नेलं. पुढे स्वीडनमध्ये स्वेंगस्टा इथे 1921 मध्ये सुरू झालेला घड्याळांचा कारखाना टॅक्सीचे मीटर बनवता बनवता रिळांकडे वळला. तोच आबू. पन्नासच्या दशकातलं त्यांचं लाल अँबॅसडर 5000 रीळ आजही लोक दुरुस्त करून वापरतात.

या जातीच्या रिळात, म्हणजे बेटकास्टरमध्ये, फेकताना ल्यूर स्वतः दोरीचं चक्र ओढून फिरवतं. हवेत ल्यूरचा वेग घटतो, पण चक्र आपल्या वेगाने फिरतच राहतं. तेवढ्यात सुटलेली जादा दोरी रिळावर गुंतून तिचं घरटं होतं. ते होऊ नये म्हणून आत ब्रेक असतात. काहींत फिरण्याच्या वेगाने बाहेर फेकले जाणारे इवलेसे ठोकळे कडेच्या कड्याला घासतात, काहींत चुंबक चक्राला स्पर्श न करता आवरतो. बाजूची एक गुंडी ल्यूरच्या वजनाप्रमाणे लावायची असते. काठी समोर धरून अंगठा सोडला की ल्यूर हळू खाली उतरावं, आणि ते जमिनीला टेकलं की चक्र थांबावं. ल्यूर बदललं की ही गुंडी पुन्हा. आणि शेवटचा ब्रेक माणसाचा अंगठा, त्याला पर्याय नाही.

गिअरचं गुणोत्तरही ल्यूर पाहून घ्यावं. खोल क्रँकबेट ओढायला 5 किंवा 6 ला 1 असं मंद रीळ बरं. त्यात जोर असतो आणि हात आपोआप सावकाश चालतो. मऊ अळीला 7 ला 1 किंवा त्याहून चपळ हवं, कारण तिथे ल्यूर काठीने हलवायचं असतं आणि माशाने घेतल्यावर सैल दोरी झटकन गोळा करावी लागते. दुकानात सर्वांत वेगवान रीळ मागणारे लोक ते क्रँकबेटला लावतात तेव्हा मला वाईट वाटतं. त्यांचं ल्यूर पाण्यातून घाईने पळतं, आणि ज्या लटपटीसाठी ते कोरलं ती लटपट दिसतच नाही.

रीळ उघडायला मला रविवारची सकाळ लागते, घरात कोणी उठायच्या आधीची. टेबलावर पांढरा कपडा, काढलेला प्रत्येक भाग काढला त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे. चक्राच्या बेअरिंगला तेलाचा एकच थेंब. गिअरच्या दातांना ग्रीस, तेही फोडणीतल्या हिंगाएवढं. या दोहोंची अदलाबदल झाली की रीळ आजारी पडतं. बेअरिंगमध्ये ग्रीस गेलं तर ल्यूर दहा हात अलीकडेच पडतं. गिअरवर तेल गेलं तर आहे ते ग्रीसही धुऊन जातं आणि पितळेचे दाते एकमेकांना खाऊ लागतात. दोरी सारखी पसरवणाऱ्या मळसूत्राच्या खोबणीत दोरीबरोबर आलेला बारीक गाळ साचतो. जुन्या टूथब्रशने तो काढायचा. जोरदार पाण्याची धार कधीही मारायची नाही, तिने गाळ आत जातो. आणि घरी ठेवताना ड्रॅग सैल करायचा. मासा ओढू लागला की दोरी रोखत रोखत सोडणाऱ्या चकत्या तिथे असतात. आवळून ठेवल्या तर त्या दबून बसतात आणि मग दोरी हिसक्याने सुटते. त्या हिसक्यात दोरी तुटते, आणि मासा तोंडात गळ घेऊन जातो. ड्रॅगची निगा मी सगळ्यात जपून घेतो ती त्यामुळे. फोर्कवर 16 ते 24 इंचांच्या मधला बास पाण्यात परत सोडावा लागतो, आणि मी सगळेच सोडतो. त्यांना कमी दमवून, लवकर सोडायचं तर ड्रॅग गुळगुळीत हवा आणि गळाचा काटा पक्कडीने चेपलेला हवा.

कोकणातल्या खाडीवर गरीला कोळंबी लावून तांबोशीची वाट पाहणारा पोर होतो तेव्हा माझ्या हातात रीळ नव्हतं. तंगुसाची दोरी तर्जनीवरून जायची आणि ओढ थेट बोटाला कळायची. आता त्याच खाड्यांत जिताड्यासाठी ल्यूर फेकणारी मुलं आहेत. सुट्टीत गेलो की त्यांच्या रिळांच्या मुठी मी फिरवून बघतो. खारं पाणी पोटात घेतलेलं रीळ मुठीतच करकरतं. घरी आल्या आल्या ड्रॅग आवळून, नळाच्या गोड्या पाण्याची मंद धार, मग पुसून, वाळवून, ड्रॅग परत सैल, एवढं केलं तरी त्याचं आयुष्य कितीतरी वाढतं.

डॅलसला मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी विचारतंच, “काका, पहिलं रीळ कुठलं घेऊ?” मी कंपनीचं नाव सांगत नाही. दुकानात तीन प्रश्न विचार म्हणतो. हे साध्या पेचकसाने उघडतं का, आतल्या भागांचा नकाशा मिळतो का, आणि ड्रॅगच्या चकत्या सुट्या विकत मिळतात का? तिन्हींना हो आलं तर घे. मग पहिल्या रविवारी ते घेऊन ये, आपण दोघं बसून उघडू.